भूगर्भीय दाब, सागरी तैलद्रोणींतील

गाळाच्या खडकांच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी, खनिज तेल, नैसर्गिक वायू इ. द्रायू साठलेले असतात. या द्रायूंच्या दाबास छिद्रदाब असे म्हणतात. तेल व वायू ज्या सच्छिद्र खडकात साठतात त्याला संचय-खडक म्हणतात आणि त्यावर झाकणासारखा असणारा, द्रायूंना सहजी वाट न देणारा खडक म्हणजे आच्छादक खडक होय. विहीर खणण्यापूर्वी छिद्रदाबाचा अंदाज घेणे व आच्छादक खडक किती दाब सहन करू शकेल हे ठरविणे, ही दोन कामे परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत. हा अंदाज चुकल्यास विहिरीतून तेल व वायू अनावरपणे उसळतात. फलाटावरील माणसांचे प्राण जातात, समुद्र दूषित होतो व साठ्यातील ऊर्जा वाया जाते. प्रस्तुत नोंदीत या शास्त्राचा विकास आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील मुंबई द्रोणीत आलेले अनुभव यांचा विचार केला आहे.

मूळ कल्पना : बंदिस्त दाबाची कल्पना जमिनीवरील विहिरींवरून सहज येऊ शकते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके कमी पावसाचे असून तेथील जमिनीखाली दक्षिण ट्रॅपचे बेसाल्ट खडक एकावर एक थरांनी पसरलेले आहेत. त्यांपैकी काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र अथवा फुटीर असतात. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टाही आढळतो. कूपनलिका घट्ट थर भेदून खालच्या सच्छिद्र थरात शिरली की, पुष्कळदा पाणी ज्या खोलीवर लागले त्या पातळीच्या वर चढून स्थिरावते. वरच्या घट्ट थराने ते दाबाखाली कोंडून ठेवलेले असते, हे त्याचे कारण होय. येथे पाणी साठवून ठेवणारा थर व ते कोंडून ठेवणारा थर अशी जोडी असते. तेलक्षेत्रातही हीच जोडी असते. फरक खोलीचा, द्रायूचा व दाबाच्या प्रमाणाचा असतो.

माणसाच्या कृतीमुळे भूमिगत पाण्याची स्थिती कशी पालटते, याचे उदाहरणही याच प्रदेशात मिळते. १८७६–७७ च्या दुष्काळात हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या तालुक्यांत बागाईत वाढली. परंतु कालव्याचे झिरपलेले व पिकांना दिलेले जादा पाणी खाली साचून सखल भागांतील भूजलाची पातळी वर आली. पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागापर्यंत येऊन जमिनी खारवट झाल्या. या जमिनींचा अभ्यास हॅरल्ड मान व ताम्हणे यांनी केला व तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. भूगर्भात घातलेले पाणी तेथे निमूट राहत नाही, ते दाब व पातळी बदलून कोठे तरी वाट शोधते, हा यातील बोध तेलक्षेत्रांनाही लागू पडतो.

दक्षिण ट्रॅपचा विस्तार किनाऱ्यापाशी संपत नाही. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे बेसाल्ट सह्याद्री व कोकण ओलांडून समुद्राखाली गेलेले असून मुंबई द्रोणीच्या बऱ्याच मोठ्या भागाचा तळ त्यांनीच बनलेला आहे. त्या तळावर पुढील काळात साचलेल्या गाळाच्या खडकांत तेल व वायू सापडतात.

दाबाचे प्रकार : खडकातील छिद्रे पृष्ठभागापर्यंत परस्परांशी जोडलेली असतील, तर कोणत्याही खोलीवरील छिद्रदाब तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्यास द्रवस्थितिक किंवा सामान्य दाब म्हणतात. तो दर १० मी. खोलीस दर चौ. सेंमी. ला १ किग्रॅ. पेक्षा थोडा अधिक भरतो. खडक व त्यातील द्रायू यांच्या एकत्रित वजनाने येणारा दाब म्हणजे अधिभार दाब. तो साधारणपणे याच्या सव्वादोन पट असतो. म्हणजे ३,००० मी. खोलीवर सामान्य छिद्रदाब दर चौ. सेंमी. ला सु. ३१० किग्रॅ., तर अधिभार दाब सु. ६९० किग्रॅ. असतो. छिद्रदाब सामान्य दाबापेक्षा अधिक असल्यास त्याला अतिदाब म्हणतात.

विहीर खणताना तीत ठराविक घनतेचा चिखल फिरविला जातो. त्याचा दाब छिद्रदाबापेक्षा अधिक हवा, नाही तर खडकातील द्रायू विहिरीत शिरतात. तो खडक तडकविण्याइतकाही नसावा, नाही तर चिखल तड्यांत निघून जातो, विहिरीतील पातळी उतरते आणि पुन्हा द्रायू शिरण्याचा धोका उद्‌भवतो. या दोन मर्यादांमधील अंतर जेथे मोठे असते तेथे वेधन निर्धोक होते. अतिदाबाच्या थरांत ते अतिशय अरुंद होते.

अतिदाबाची कारणे : चिकणमाती फार वेगाने साचत गेल्यास तिच्यातील पाणी बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. वरच्या गाळाचे ओझे मग खडकाच्या कणांऐवजी छिद्रांतील पाण्यावर येते. दुसरे कारण जैव पदार्थांपासून तेल व वायू तयार होणे, हे होय. घन पदार्थापासून वायू बनताना आकारमान वाढते आणि बंदिस्त जागेत दाब चढतो. तिसरे कारण वायूचा हलकेपणा हे आहे. संचय-खडकात ३०० मी. उंचीचा वायुस्तंभ असल्यास त्याच्या माथ्याचा दाब त्याच खोलीवरील सामान्य दाबापेक्षा दर चौ. सेंमी. ला सु. २५ किग्रॅ. अधिक असू शकतो. आच्छादक खडकाच्या तळाशी हा जादा दाब सतत वर रेटत असतो.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेतील टेक्सस राज्यात स्पिंडलटॉप येथे १० जानेवारी १९०१ रोजी तेलाचा उंच स्तंभ उसळला व विहीर नऊ दिवस अनावर राहिली. त्या काळी अशी उसळी भाग्याची खूण मानली जाई. पुढे ती अपघात मानली जाऊ लागली आणि १९२२ मध्ये जेम्स ॲबरक्रॉम्बी व हॅरी कॅमेरॉन यांनी विहिरीचे तोंड आवळणारी झडप तयार केली. मात्र झडप हा शेवटचा उपाय होय. खालचा दाब आधीच कळावा, हा खरा प्रश्न होता.

त्याचा सैद्धांतिक पाया स्थापत्यशास्त्रात घातला गेला. फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये सच्छिद्र माध्यमातून पाणी वाहण्याचा नियम मांडला होता. कार्ल टेर्त्सागी यांनी १९२५ मधील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, मातीवरील एकूण ओझ्यातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरते तेवढेच ओझे मातीच्या कणांना आवळते. १९३० मध्ये अ‍ॅथी यांनी खोलीबरोबर शेलची सच्छिद्रता कशी घटते, ते मांडले. या दोन विचारांच्या संयोगातून पुढील सर्व पद्धती निघाल्या. शेल अपेक्षेपेक्षा अधिक सच्छिद्र आढळला, तर त्यातील पाणी निघून गेलेले नाही आणि म्हणून दाब अधिक आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

डिकिन्सन यांनी १९५३ मध्ये लुइझिअ‍ॅनाच्या किनाऱ्यावरील अतिदाबाचे भूवैज्ञानिक विवेचन केले. १९५७ मध्ये हबर्ट व विलिस यांनी द्रायूच्या दाबाने खडक कसा तडकतो, याची उपपत्ती दिली. हॉटमन व जॉन्सन यांनी १९६५ मध्ये विहिरीतील ध्वनिवेग व विद्युत्‌रोध यांच्या नोंदींवरून छिद्रदाब काढण्याची रीत सांगितली. वेधनाच्या वेगावरून दाब ओळखण्याचे सूत्र जॉर्डन व शर्ली यांनी १९६६ मध्ये मांडले, तर भूकंपीय तरंगांच्या वेगावरून विहीर खणण्यापूर्वीच अंदाज बांधण्याची दिशा पेनेबेकर यांनी १९६८ मध्ये दाखविली. बेन ईटन यांचे १९७५ मधील सूत्र अद्यापही सर्वाधिक वापरले जाते. हे बहुतेक कार्य मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर, जाड शेलच्या प्रदेशात झाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अन्य प्रकारच्या द्रोणींत ही सूत्रे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

आच्छादक खडकाचा भंग : आच्छादक खडक तीन प्रकारे निकामी होतो. पहिल्या प्रकारात तो मोडत नाही. परंतु त्याची छिद्रे पुरेशी बारीक नसल्यामुळे खालच्या तेल-वायूचा रेटा केशाकर्षणाच्या विरोधास मागे टाकतो आणि द्रायू सावकाश वर झिरपतात. दुसऱ्या प्रकारात छिद्रदाब खडकातील किमान ताणापर्यंत पोहोचतो, खडक तडकतो, काही द्रायू निसटून दाब उतरतो आणि तडा पुन्हा मिटू शकतो. तिसऱ्या प्रकारात जुना विभंग पुन्हा सरकतो व त्याच्या पृष्ठालगत वाट मोकळी होते. निसर्गात या गोष्टी दीर्घ काळात घडतात. माणसाच्या चुकीने त्या काही तासांत घडू शकतात.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांता बार्बारा येथे २८ जानेवारी १९६९ रोजी असेच घडले. विहिरीच्या वरच्या भागात संरक्षक नळ फारच थोड्या खोलीपर्यंत बसविलेला होता. वायू उसळल्यावर विहिरीचे तोंड बंद करण्यात आले. मात्र त्यामुळे दाब नळाखालच्या उघड्या, कच्च्या खडकांवर आला आणि समुद्रतळाला पडलेल्या भेगांतून तेल बाहेर येऊ लागले. झडपेने आपले काम केले होते. खालचे खडक तो दाब झेलू शकले नाहीत.

समुद्रतळावर वायू दिसला म्हणजे खोलवरील आच्छादन फुटले, असे मात्र नेहमी म्हणता येत नाही. भारताच्या पश्चिम खंड-फळीवरील गाळात उथळ वायू व तो निसटल्याने पडलेले खळगे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदलेले आहेत. असा वायू उथळ थरांतील जैव पदार्थ कुजूनही तयार होतो. तथापि वेधन फलाटाचे पाय ज्या गाळात रुततात त्यातच तो असल्यास उथळ वायूही घातक ठरतो. म्हणून विहिरीची जागा ठरविण्यापूर्वी समुद्रतळाचे स्वतंत्र सर्वेक्षण करावे लागते.

मुंबई द्रोणी : किनाऱ्यापासून २०० मी. खोलीच्या रेषेपर्यंत ही द्रोणी सु. १,१६,००० चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेली आहे. १९६० नंतरच्या दशकात अकादेमिक अर्खांगेल्स्की या सोव्हिएट जहाजाच्या साहाय्याने झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणात मुंबईच्या वायव्येस सु. १६० किमी. वर एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या सागर सम्राट या जपानमध्ये बांधलेल्या फलाटाने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. हेच मुंबई हाय क्षेत्र होय. त्यानंतर वसई, पन्ना, मुक्ता, हीरा, तापी इ. क्षेत्रे सापडली. येथील शैलसमूहांना देवगड, वसई, अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे, चिंचिणी अशी किनाऱ्यावरील परिचित गावांची नावे दिलेली आहेत.

मुंबई हायमधील तेलाचा बहुतांश साठा मायोसीन काळातील, सु. १,३०० ते १,४०० मी. खोलीवरील चुनखडकाच्या थरांत आहे. या थरांमध्ये शेलचे पातळ पट्टे असून वरचे शेल आच्छादनाचे काम करतात. या खोलीवरील मूळ दाब सामान्य दाबाच्या जवळचा असल्यामुळे सुरुवातीच्या विहिरींचे नियोजन त्या मानाने सुकर झाले. परंतु द्रोणीच्या सर्व भागांत अशी स्थिती नाही. उत्तरेकडील तापी–दमण खळग्यात नद्यांनी आणलेली चिकणमाती जाड थरांनी साचलेली असून तेथे अतिदाब आढळतो. पॅलिओसीन–इओसीन काळातील पन्ना शैलसमूहात शेल, वालुकाश्म व कोळशाचे थर आहेत. द्रोणीतील तेल-वायूचा तो प्रमुख उगम मानला जातो. खळग्यांत तो खोल गाडला गेलेला असून तेथे उच्च दाब व उच्च तापमान ही दोन्ही आव्हाने एकत्र येतात.

येथे परंपरागत पद्धतींच्या मर्यादा स्पष्ट होतात. चुनखडकाची सच्छिद्रता केवळ ओझ्याने ठरत नाही; विरघळणे, पुन्हा स्फटिकीभवन होणे व तडे जाणे यांवर ती अवलंबून असते. त्यामुळे चुनखडकाच्या ध्वनिवेगावरून छिद्रदाब काढता येत नाही. शेजारच्या शेलवरून काढलेला दाब चुनखडकातही तेवढाच असेल, असे गृहीत धरावे लागते आणि ते दरवेळी खरे ठरत नाही. शिवाय तेल-वायू निर्माण होऊन दाब चढला असेल, तर खडक आधीच आवळलेला असतो व सच्छिद्रतेत फारसा फरक दिसत नाही. सच्छिद्रतेवर आधारित सूत्र मग खऱ्यापेक्षा कमी दाब दाखविते. हा भेद ओळखून दुरुस्ती करण्याची रीत ग्लेन बोवर्स यांनी १९९५ मध्ये मांडली. तात्पर्य, आधी काढलेला दाबाचा आकडा हे प्रत्यक्ष मापन नसते; खडक व त्याचे आच्छादन यांविषयीच्या गृहीतातून काढलेले ते अनुमान असते. प्रत्यक्ष मापन विहीर त्या थरात पोहोचल्यावरच होते.

मुंबई हाय क्षेत्रातच जुलै १९८२ मध्ये सागर विकास या फलाटावरील विहिरीतून वायूचा उद्रेक होऊन आग लागली. ती आटोक्यात आणण्यासाठी परदेशी तज्ञांस पाचारण करावे लागले. परिचित, उत्पादन देणाऱ्या क्षेत्रातही विहीर अनावर होऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले. आंध्र प्रदेशातील पासरलापुडी येथे जानेवारी १९९५ मध्ये जमिनीवरील वायुविहीर पेटली व ती ६५ दिवस जळत राहिली. दरम्यान १९८६ मध्ये केंद्र शासनाने तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन केले होते. सागरी कामांसाठी सुरक्षा नियम २००८ मध्ये लागू झाले.

दाब घटणे व पाणी भरणे : उत्पादनाबरोबर संचय-खडकाचा दाब उतरत जातो. मुंबई हायमध्ये तो टिकविण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात समुद्राचे पाणी शुद्ध करून विहिरींद्वारे खाली भरण्यास सुरुवात झाली. त्या दशकाच्या अखेरीस उत्पादन शिखरावर पोहोचून पुढे घटले आणि २०००–०१ पासून क्षेत्राच्या पुनर्विकासाच्या योजना राबविण्यात आल्या. दाब उतरलेल्या क्षेत्रात नवी अडचण निर्माण होते. वरचा चुनखडक रिता झाल्यामुळे तो कमी दाबालाच चिखल गिळू लागतो, तर खालच्या पन्ना थरांसाठी भारी चिखल लागतो. एकाच विहिरीत दोन्ही गरजा भागविता येत नसल्याने वरचा भाग पोलादी नळ व सिमेंट यांनी बंद करूनच पुढे जावे लागते. छिद्रदाब उतरला की खडकातील ताणही बदलतो; म्हणून जुन्या क्षेत्रात तीस वर्षांपूर्वीचे आकडे नव्या विहिरीला वापरता येत नाहीत.

उलट, पाणी भरल्याने एखाद्या कप्प्यात दाब मूळपेक्षा वाढू शकतो. ब्राझीलच्या कांपोस द्रोणीतील फ्रादे क्षेत्रात नोव्हेंबर २०११ मध्ये असे घडले. पाणी भरल्यामुळे वाढलेला दाब विहीर आखताना पुरेसा ध्यानात आला नव्हता. तेल विहिरीत शिरले, वरचे खडक तडकले आणि समुद्रतळातील भेगांतून तेल झिरपू लागले. नीरा खोऱ्यातील जमिनी व फ्रादेचा समुद्रतळ यांत खोलीचे व कारणांचे मोठे अंतर असले, तरी घातलेल्या पाण्याचा हिशेब न ठेवल्याचा परिणाम दोन्हीकडे पृष्ठभागावर दिसला.

मानवनिर्मित आच्छादन : विहीर हे नैसर्गिक आच्छादनाला पाडलेले छिद्र असते. ते पोलादी नळ व सिमेंट यांनी पुन्हा बुजवावे लागते. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या फलाटावरील स्फोटात ११ कामगार मृत्युमुखी पडले व विहीर ८७ दिवस वाहत राहिली. तळाशी छिद्रदाब व खडक तडकण्याचा दाब यांतील अंतर फार थोडे होते, सिमेंटने विहीर बंद झालेली नव्हती आणि विहीर बंद झाली की नाही हे तपासणाऱ्या दाबचाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. चाचणी विहीर बंद नसल्याचे सुचवीत होती; परंतु काम संपविण्याच्या घाईत सोयीचे स्पष्टीकरण स्वीकारले गेले.

सांप्रतची पद्धत : आता विहिरीपूर्वी भूकंपीय वेगांवरून दाबाचा आराखडा तयार करतात व तो शेजारच्या विहिरींतील मापनांशी ताडून पाहतात. नळ बसवून सिमेंट केल्यावर लगेच खालचा थोडा खडक उघडा करून तो किती दाबाला चिखल घेऊ लागतो, याची चाचणी घेतात. वेधन चालू असताना परत येणाऱ्या चिखलातील वायूचे प्रमाण, खडकाच्या चुऱ्याचे आकार व टाकीतील चिखलाची पातळी यांवर सतत लक्ष ठेवले जाते. टाकीतील पातळी विनाकारण चढणे, ही खालून द्रायू शिरल्याची सर्वांत साधी व सर्वांत विश्वसनीय खूण आहे. ती दिसताच वेधन थांबवून विहीर बंद करण्याचा अधिकार फलाटावरील वेधनकर्त्यास असणे आवश्यक मानले जाते.

वापरून झालेल्या तेल-वायू साठ्यांत कार्बन डाय-ऑक्साइड दीर्घकाळ साठविण्याची योजना अनेक देशांत पुढे येत आहे. अशा साठवणीसाठी रिकाम्या संचय-खडकाबरोबर अभंग आच्छादक खडकाचीही तितकीच गरज असते. ज्या खडकाने लक्षावधी वर्षे तेल-वायू रोखून धरले, तो काही दशके दाब उतरल्यानंतर व शेकडो विहिरींनी भेदला गेल्यानंतरही तेवढाच अभेद्य राहिला आहे काय, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने मोजून ठरवावे लागेल. मुंबई हायच्या चुनखडकातही याला अपवाद नाही.